विकतची वाहवा

काल मी दुकानात एका बंद पेडलची मनापासून तारीफ केली. डोळे मिटून, मान डोलवत, चांगली पाच मिनिटं. 'याच्या आवाजाला एक ऊब आहे' असंही म्हणालो. कान अजून गरम आहेत, म्हणून लिहितोय.

गिटारसाठी वाह पेडल, म्हणजे पायानं दाबून आवाज बदलायचं यंत्र, घ्यायचं होतं. साध्या वाहला एकही खुंटी, म्हणजे फिरवायचं बटण, नसते. टाचेवर भार दिला की 'ऊ', चवड्यावर नेला की 'आ', आणि मधल्या प्रवासाचं 'वा'. आतला फिल्टर साधारण ४०० ते २००० हर्ट्‌झच्या टापूत आवाजाचा एक उंचवटा पायाबरोबर मागेपुढे सरकवतो. बोलताना आपण जीभ नि ओठ हलवून करतो ते साधारण हेच. मला मात्र सर्वगुणसंपन्न वाह हवं होतं. त्याच्या कडेला खुंट्या: उंचवटा कुठून कुठे फिरवायचा याची एक, तो किती टोकदार याची एक, शिवाय आवाज वाढवायची एक. "काका, यात सगळे वाह आले," विकणारा मुलगा म्हणाला. त्या 'काका'कडे मी दुर्लक्ष केलं. म्हणजे तसं दाखवलं.

शेजारच्या अ‍ॅम्पवर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीवर, एक गृहस्थ बसले होते. मुलीच्या युकुलेलीला तारा चढवून घ्यायला आलेले, मोबाइलची बॅटरी संपलेली. पाहायला उरलो मी.

"हे काय म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"वा."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? आवाजच तसा आहे."

त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे वाजवणार तुम्ही आणि 'वा' म्हणणारही तुमचंच. बरंय. ऐकणाऱ्यांवर विसंबायला नको."

अशा वेळी गप्प बसणाऱ्यांचं आयुष्य सुखाचं जात असावं. मी इतिहास काढला. १९६६ साली एक इंजिनिअर अ‍ॅम्पमधल्या एका महागड्या स्विचला स्वस्त पर्याय शोधत होता. त्याच्या जागी फिरती खुंटी बसवली, तर आवाज बोलायला लागला. मग ते सर्किट ऑर्गनचा आवाज कमीजास्त करायच्या पेडलमध्ये कोंबलं. १९६७मध्ये ते विकायला आलं ते क्लाइड मॅकॉय यांच्या नावानं, आणि मॅकॉय वाजवायचे ट्रम्पेट. ट्रम्पेटच्या तोंडाशी म्यूट, म्हणजे आवाज दाबणारं झाकण, उघडझाप करून ते असाच 'वा' काढत.

"म्हणजे नाव ट्रम्पेटवाल्याचं, पेडल ऑर्गनचं आणि पाय गिटारवाल्याचा," गृहस्थ म्हणाले. "याचं स्वतःचं असं काय आहे?"

मी खुंटी फिरवली.

तेवढ्यात मुलानं विचारलं, फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) आधी लावणार की वाह आधी? हा प्रश्न दोन गिटारवाल्यांसमोर विचारू नये. काही फझ वाहच्या नंतर जोडले की त्याचा गळाच दाबतात, पाय कितीही हलवा. उलट वाह शेवटी ठेवलं तर सूर इतके रुंद झोके घेतात की ऐकणाऱ्याला गाडी लागावी. मी हे समजावत असताना गृहस्थ म्हणाले, "पायमोजे आधी की बूट आधी, असंच ना?" नाही, असं नाही! पायमोजे उलटे घातले तर सगळ्यांना दिसतं. इथे सगळे म्हणतात, माझं असंच आहे, मुद्दाम.

मग मी पेडल निम्म्यावर अडवून वाजवून दाखवलं. तसं केलं की गिटार सर्दी झाल्यासारखी नाकात बोलते, आणि तो आवाज मला फार प्रिय आहे.

"पाय हलवायचाच नाही? मग खाली पाचर मारून ठेवा."

यावर मी रागानं चवडा खाली दाबला असणार, कारण त्यानंतरच ऊब सुरू झाली. वाहचा स्विच चवड्याखाली असतो. पूर्ण दाबलं की टक् करून चालू, पुन्हा दाबलं की टक् करून बंद. दणक्यात वाजवताना ते टक् ऐकू येत नाही. मी टाच, चवडा, टाच करत राहिलो. मला 'वा' स्पष्ट ऐकू येत होतं, शप्पथ! शेवटी मुलगा हळूच म्हणाला, "काका, ते बंद आहे."

"मला वाटलंच," गृहस्थ म्हणाले. "पाय हलत होता, तुमचं तोंडही हलत होतं. आवाज तेवढा जागेवर होता."

तोंड! वाह वाजवणाऱ्या प्रत्येकाचं तोंड पायाबरोबर उघडतं-मिटतं, हे मला माहीत आहे. ते आपलंही होतं, हे मात्र कुणी सांगितलेलं नव्हतं.

आता माझं एक रीतसर गाऱ्हाणं. दिवा का नाही? कारण ठाऊक आहे: जुन्या रचनेतला स्विच आवाजाची वाट तेवढी बदलतो, दिव्यासाठी त्यात वेगळा संपर्कच नाही. पण ती रचना मी जन्मायच्या आधीची आहे. यात तीन खुंट्या वाढवायला जागा झाली, दिव्याला नाही. आणि गिटारची वायर खोचून ठेवली तर पेडल बंद असतानाही ९ व्होल्टची बॅटरी गुपचूप संपत राहते! म्हणजे वीज वाया घालवायला आहे, दिव्याला नाही. त्या खुंट्या तरी फिरवायच्या कुणी? दोन्ही हात गिटारवर, एक पाय पेडलवर, दुसऱ्यावर मी उभा.

"मी बसतो की तिथे," गृहस्थ म्हणाले. खरंच मदत म्हणून.

पेडल मी घेतलं. न घेता बाहेर पडायचं तोंड राहिलं नव्हतं. त्यांची युकुलेली तयार झाली, तेव्हा मी सगळ्या खुंट्या मधोमध ठेवून शेवटचा एक तुकडा वाजवत होतो. या वेळी मन लावून, टक् ऐकून.

"येतो," ते दारातून म्हणाले. "आता चालू आहे ना?"

आणि मी हात थांबवून खाली वाकून पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नाही, हे पुरतं माहीत असून.