‘जॅकवर तर ठीक चालतंय’ हे मला आता ऐकायचं नाही

चार महिने गेले. मार्च ते जुलै. ओहायोत हिवाळा सरून उडायला जरा बरी हवा मिळते ती याच दिवसांत, आणि आमचं विमान त्यातले बहुतेक दिवस वर्कशॉपमध्ये जॅकवर चढवलेलं. कशापायी? वीतभर वायरपायी!

विमान म्हणजे 1977 चं पायपर अ‍ॅरो थ्री. चार सीटचं, चाकं आत घेणारं, आम्ही तिघांनी मिळून घेतलेलं. चाकं खाली येऊन लॉक झाली की पॅनेलवर तीन हिरवे दिवे लागतात, प्रत्येक चाकाचा एक. आमचा डावा दिवा लागेनासा झाला. रोज नाही, चार-पाच उड्डाणांत एकदा. आणि बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तास थंड हवेत उंचावर राहून खाली येताना.

पहिल्यांदा झालं तेव्हा शेजारच्या सीटवर बाबा होते. साताऱ्याहून आलेले, माझ्याबरोबर पहिल्यांदाच विमानात बसलेले. लिव्हर खाली केला, दोन हिरवे, डावीकडे अंधार. पॅनेलची लाइट चालू असली की हे दिवे आपोआप मंद होतात आणि उन्हात दिसतच नाहीत, म्हणून आधी ती बंद केली. अंधारच. मग बल्ब. तिन्ही सारखेच असतात, एकाचा दुसऱ्याच्या जागी बसतो. डाव्याचा उजवीकडे घातला, तो लख्ख पेटला. उजव्याचा डावीकडे घातला, तो मेला. म्हणजे बल्ब नाही, त्याच्या मागे काहीतरी आहे. वेग 87 नॉटच्या खाली आणला, दोन सीटांमधला इमर्जन्सी लिव्हर दाबून धरला, रडरने, म्हणजे शेपटीच्या उभ्या पात्याने, शेपटी डावी-उजवी झटकली. विमानाच्या पुस्तकात लिहिलंय ते सगळं केलं.

“काय झालं रे?” बाबांनी विचारलं.

“काही नाही बाबा, एक दिवा लागत नाहीये.”

त्यांनी सीटची कड जी धरली ती उतरेपर्यंत सोडली नाही. विमानतळाच्या टॉवरजवळून कमी उंचीवर गेलो, टॉवर म्हणाला तिन्ही चाकं खाली दिसतायत. पण खाली दिसणं वेगळं आणि लॉक असणं वेगळं. चाकाचा पाय दुमडू न देणारा हूक बसलाय की नाही हे दुर्बिणीतून कुणाला दिसणार? डावा पंख जमेल तितका वेळ उचलून धरला आणि टेकवलं. पाय उभा राहिला. लॉक व्यवस्थित होतं, खोटं बोलत होता तो दिवा.

हे सगळं मी वर्कशॉपला कागदावर लिहून दिलं. किती उंची, किती थंडी, बल्ब बदलल्यावर काय झालं, सगळं. त्या कागदाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. विमान जॅकवर घेतलं, बाहेरून वीज जोडली, वीस वेळा चाकं आत-बाहेर केली. वीसही वेळा तीन हिरवे. लॉगबुकात लिहिलं, ‘दोष आढळला नाही’, सही ठोकली, बिल हातात. अरे, पण आढळेल कसा? जॅकवर पाय नुसता लोंबकळतोय. त्यावर वारा नाही, इंजिनची थरथर नाही, आणि हँगरमध्ये हीटर लावलेला! जे वर, थंडीत, थरथरत होतं ते खाली उबेत दिसलं नाही म्हणून ते नाहीच असं कसं म्हणता?

तिसऱ्या उड्डाणात ये रे माझ्या मागल्या.

मग सुरू झालं पार्ट बदलणं. आधी डाव्या पायाचा मायक्रोस्विच, पाय लॉक झाला की दिवा लावणारा छोटा स्विच. तोवर माझी तक्रार नव्हती. तो पायाच्या ब्रेसवर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या दुमडत्या दांड्यावर बसतो, चिखल-ग्रीस खातो, पहिला संशय त्याच्यावर येणारच. पण काढण्याआधी वीज पोचते का ते मीटर लावून बघा ना! नाही लावला. 380 डॉलर. पुन्हा दिवा गेला. मग म्हणे हायड्रॉलिक पंप जुना झालाय, ओव्हरहॉल करू. पंप! एकच पंप तिन्ही चाकं हलवतो, बाकीचे दोन दिवे लागतायत, डावा पाय प्रत्येक वेळी विमानाचं वजन पेलतोय. पंपाचा संबंध येतोच कुठे? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी कामासाठी गावाबाहेर होतो, भागीदाराने फोनवर हो म्हटलं. 2,100 डॉलर. मजुरी धरून सगळे मिळून 3,730. आणि दिवा? तिसऱ्या दिवशी अंधार.

स्वतः हात घालायचा तर कायदा आडवा. मालक-पायलटला कुठली कामं करता येतात त्याची इथे यादी आहे. त्यात लँडिंग लाइटच्या वायरिंगमधला बिघाड शोधून दुरुस्त करणं आहे. लँडिंग गिअरचं वायरिंग नाही. त्यासाठी लायसन्सवाला मेकॅनिकच हवा. मला हा नियम मान्य आहे. म्हणूनच जास्त संताप येतो, कारण ज्याच्या सहीशिवाय माझं पान हलत नाही त्याने निदान मीटर तरी उचलावा!

शेवटी शेजारच्या हँगरमधल्या ओळखीने एक निवृत्त मेकॅनिक आले. त्यांनी माझा तो कागद दोनदा वाचला आणि एकच विचारलं, पाय दुमडताना कोणती वायर वाकते? चार महिन्यांत हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. विमान जॅकवर घेतलं, मीटर बीपवर ठेवला, म्हणजे तार सलग असेल तोवर तो वाजत राहतो, एक टोक स्विचपाशी, दुसरं पॅनेलमागे. मग ब्रेसपासून वर वर, बोटाबोटाने वायर वाकवत गेले. एका जागी बीप थांबला. सोडली, पुन्हा वाजला. वरचं आवरण धड, साधा ओरखडाही नाही. चिरून बघितलं तर आतली तांब्याची तार तुटलेली, काळी पडलेली टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. उबेत टेकायची, थंडीत सुटायची. नवी वायर घातली, वाकायला सैल वळसा ठेवला, क्लॅम्प लावला. दीड तासात काम संपलं. त्यानंतर बावीस उड्डाणं झाली, तिन्ही हिरवे.

कुणी म्हणेल एका दिव्यासाठी एवढं काय. दिवा चार महिने खोटा अंधार दाखवत राहिला की डोळ्याला त्याची सवय होते. मग ज्या दिवशी पाय खरंच लॉक झालेला नसतो, त्या दिवशी माणूस ‘हा नेहमीचंच करतोय’ म्हणून उतरायला जातो. विमान पोटावर घासलं की प्रोपेलर वाकतो, इंजिन पूर्ण उघडावं लागतं, आणि इतकं जुनं विमान विमा कंपनी सरळ भंगारात काढू शकते. आत बसलेल्या माणसांचं तर मी बोलतच नाही. त्या सीटवर माझे बाबा होते!

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, जुने पार्ट गेले, नवे आले, तुमचा फायदाच झाला. मी लेखी विचारलं, स्विच काढण्याआधी मीटरवर रीडिंग किती होतं? पंप उतरवण्याआधी प्रेशर किती होतं? तीन आठवडे झाले, उत्तर नाही.

‘दोष आढळला नाही’ ची ती सही अजून लॉगबुकात आहे. तुटलेल्या वायरचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी त्याच पानाला स्टेपल केलाय.