शनिवारी बाराच्या आत

काल गुड फ्रायडे म्हणून सगळं बंद. उद्या रविवार, परवा ईस्टरचा सोमवार, म्हणजे तेही बंद. चार दिवसांत दुकानं उघडी असायचा हा एकच शनिवार, आणि त्यातही आमच्या गावचा बेकरीवाला साडेबाराला शटर ओढतो. दक्षिण जर्मनीत श्वेबिश आल्बच्या डोंगराखालच्या या गावात राहायला लागल्यापासून शनिवारी सकाळचा दुसरा चहा मी सोडून दिलाय.

आधी गाडीत सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्या, पुठ्ठे आणि रिकाम्या बाटल्या कोंबल्या. फांद्या-पुठ्ठे गावच्या कचरा केंद्रावर, बाटल्या दुकानातल्या यंत्रात. एका प्लास्टिकच्या बाटलीमागे 25 सेंट परत मिळतात आणि त्यावर आमच्या लेकीचा वहिवाटीचा हक्क आहे. कचरा केंद्र म्हणजे इथला पारच. हातात करवत आणि डोक्यावर जुनी टोपी घेऊन अख्खं गाव तिथं भेटतं. मग ओढ्याकाठी रानलसूण. याची पानं चैत्रात जंगलभर पसरतात, पण तशीच दिसणारी दुसरी विषारी पानं शेजारीच उगवतात, म्हणून प्रत्येक पान चुरडून हुंगायचं. लसणाचा वास आला तरच पिशवीत. थालीपिठात झकास लागतो.

घरी आलो तर दारावर पाटी लटकलेली. या आठवड्यात जिना आणि अंगण झाडायची पाळी आमची. या प्रथेला इथं ‘केरवोखे’ म्हणतात. शब्दातच केर आहे, त्यामुळे कुणाला मला अर्थ समजावून सांगावा लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून बघत होत्याच.

बेकरीच्या रांगेत असताना फलटणहून दादाचा फोन आला. त्याचं किराणा दुकान आहे. दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला हरकत नाही, असं राज्य सरकारनं ऑक्टोबर 2025 मध्ये स्पष्ट केलं (दारूची दुकानं आणि बार सोडून), तेव्हापासून घरात वाद पेटलाय. पुतण्याला रात्री बारापर्यंत दुकान चालवायचंय. त्याचा हुकमी एक्का मी: “काका, तुमच्या युरोपात तर सगळं रात्रभर चालू असेल!” रांगेतून त्याला म्हटलं, बाबा रे, इथं दहा मिनिटं उशीर झाला तर तीन दिवस बिनपावाचे जातील.

रविवार बंद ठेवणं ही इथं नुसती सवय नाही. रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून सुरक्षित राहील, हे जर्मनीच्या 1919 च्या वायमार घटनेतलं 139 वं कलम आजच्या घटनेतही तसंच्या तसं आहे. बर्लिननं नाताळाआधीचे चार रविवार लागोपाठ दुकानांना मोकळे केले होते, तर 2009 मध्ये घटनात्मक न्यायालयानं ते घटनाविरोधी ठरवलं. वस्तीत रविवारी गवत कापायचं यंत्रसुद्धा लावायचं नाही. सुरुवातीला मला हा शुद्ध आचरटपणा वाटायचा. दूध संपलंय आणि पंधरा किलोमीटरवरचा पेट्रोल पंप एवढाच आधार, अशा रविवारी अजूनही वाटतो.

पण रविवार ही काही गोऱ्यांनी आपल्याला आंदण दिलेली चीज नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी 10 जून 1890 ला मिळाली, ती कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षं लावून धरल्यामुळे. रविवार हा खंडोबाचा वार, हेही तेव्हा मांडलं गेलं होतं. जेजुरी फलटणहून काही लांब नाही.

पुतण्या म्हणतो, कामगाराला आठवड्यातून सलग 24 तास सुट्टी द्यायचीच आहे, कायद्यात लिहिलंय. लिहिलंय खरं. पण 2017 चा तो कायदा झाला तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी, आणि ती मर्यादा वीसवर न्यायला मंत्रिमंडळानं सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी दिली. दादाच्या दुकानात दोन पोरं आहेत. त्यांची सुट्टी दादाच्या मनावर, आणि दादाचं मन गिऱ्हाइकावर. जुन्या 1948 च्या कायद्यात दुकानालाच आठवड्यातून एक दिवस कुलूप लागायचं, म्हणजे मालकही घरी. ‘सोमवारी बंद’ ही दादाची पत्र्याची पाटी अजून भिंतीवर आहे, तिच्यावर आता अगरबत्तीचं कॅलेंडर टांगलंय. पाळीपाळीनं दिलेली सुट्टी आणि सगळ्यांना एकाच दिवशी मिळालेली सुट्टी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा आग्रह दुसरीसाठी आहे.

हे मी तावातावानं बोलत होतो आणि दादा मध्येच म्हणाला, “थांब, गिऱ्हाईक आलं.” फोन काट्याशेजारी ठेवला असावा. पाव किलो शेंगदाणे, दोन साबण, कुणाचं तरी उधारीचं रडगाणं, सगळं ऐकू येत होतं. सात मिनिटं झाली तरी तो परत आला नाही.

साडेबाराला पाच कमी होते. वेणीसारखा गुंफलेला गोड पाव शेवटचाच उरला होता, तो मिळाला. दोन तुकडे आधीच डब्यात घातलेत. बायको वृद्धाश्रमात नर्स आहे. उद्या ईस्टरच्या रविवारी सकाळी सहाला तिची ड्यूटी लागते, आणि त्या वेळी गावातून बस नसते. पाचला उठून मीच सोडायला जाणार.