टेकडीवरचं गवतही मोजा

पुण्याच्या ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय, वेताळ टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता काढायचा की नाही, आणि दरवेळी तो झाडांच्या आकड्यावरच येतो, इतकी तोडणार, तितकी लावणार. रस्ता नको म्हणणारेपण झाडंच मोजतात. मी त्यांच्याच बाजूची आहे, पण गवताचं काय?

मी बर्लिनला राहते. इथे भर शहरात टेंपेलहोफचा जुना विमानतळ आहे, 2008 ला बंद झाला, साधारण 300 हेक्टर मोकळी जागा. सरकारला कडेकडेने घरं बांधायची होती, लोकांनी सह्या गोळा केल्या, मे 2014 मधे सार्वमत झालं आणि जागा मोकळीच ठेवायचा कायदा झाला. तिथे झाडं फारशी नाहीतच, गवत आहे आणि त्या गवतात जमिनीवर घरटी करणारे चंडोल आहेत. विणीच्या दिवसात मैदानाचे मोठमोठे तुकडे अडवून ठेवतात, तिथे माणसानेही जायचं नाही आणि कुत्र्यानेही.

आपल्याकडेपण चंडोल, टिटवी, रातवा हे सगळे जमिनीवरच अंडी घालणारे. पण उघडी टेकडी दिसली की आपण तिला ओसाड म्हणतो आणि झाडं लावायला खड्डे खणायला घेतो, तसंच करत करत टेकड्यांवर बाहेरून आलेलं गिरिपुष्पाचं झाड लावून ठेवलं, आणि सालई, गणेर, पांगारा ही इथलीच झाडं किती जणांना ओळखता येतात? मोठ्या हौसेने केलेलं वृक्षारोपणसुद्धा टेकडीचं नुकसान करू शकतं, हे बोललं की लोक चिडतात, तरी बोलायलाच हवं.

बर्लिनचं सगळं गोड नाही. घरं मिळत नाहीत, भाडी प्रचंड वाढलीत, त्यामुळे मैदानाच्या कडेला बांधकामाची मागणी परत होतेय आणि घर शोधणाऱ्याचा राग मला कळतो. शिवाय ती जमीन मुळात सरकारी होती. पुण्यात महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांच्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं म्हणजे बीडीपीचं आरक्षण आहे, 2015 ला राज्य सरकारने सुमारे 976 हेक्टरवर ते मान्य केलं, पण त्यातली बरीच जमीन खासगी, मोबदल्याचा घोळ वर्षानुवर्षं चाललेला आणि तेवढ्यात गुंठा गुंठा विकून घरंपण उभी राहतात. जमीनमालकाला पैसे न देता टेकडी कशी वाचणार? बजेटच्या वेळी नगरसेवकांना आधी हे विचारा, आणि पुढच्या वेळी रस्त्याचा अहवाल आला की त्यात गवतातल्या घरट्यांची पाहणी कुठल्या महिन्यात केली तेपण विचारा.