आधी ऐकून तर घ्या

अभंगाला डिस्टॉर्शनची, म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची, गिटार लावावी की नाही, हा वाद महाराष्ट्रात थांबता थांबत नाही. ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड तुकोबांचे शब्द रॉकच्या अंगाने गायला लागला की एक बाजू म्हणते संतवाणीचा विचका केला, दुसरी म्हणते निदान पोरं अभंग तरी ऐकतात. भांडण हिरिरीने चालतं. पण ड्रमवाल्याने ठेका कसा धरला, गाणाऱ्याचा सूर कुठे लागला, कुठे निसटला, याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. इथे नेदरलँड्समधल्या आयंडहोवनमध्ये बसून हे सगळं वाचताना मला त्याचंच वाईट वाटतं.

इथे प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्यांची, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक ऐकणाऱ्यांची, पंढरी म्हणजे झूटरमेर गावातलं ‘बूर्डेराय’ हे सभागृह. श्रोते बहुतेक पन्नाशी-साठीतले. मध्यंतरात बिअरचा ग्लास हातात धरून बोलतात ते कीबोर्डबद्दल: दुसऱ्या गाण्यात तो उशिरा आला ते बरं झालं की वाईट. इथली परीक्षणंही तशीच असतात. आवडत्या बँडचंही गाणं अमुक ठिकाणी रेंगाळतं असं लिहितात, आणि का रेंगाळतं तेही सांगतात.

मार्च 2025 मध्ये आलेला ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनचा ‘द ओव्हरव्ह्यू’ हा अल्बम घ्या. 2016 च्या डिसेंबरात पुण्याच्या एनएच7 वीकेंडर या संगीत महोत्सवात वाजवून गेला, तोच हा विल्सन. अल्बममध्ये दोनच रचना, एक तेवीस मिनिटांची आणि दुसरी अठरा. विषय आहे अंतराळवीरांना लांबून पृथ्वी दिसते तेव्हा त्यांच्या मनाचं काय होतं हा. पहिल्या रचनेतल्या एका भागाचे शब्द एक्सटीसी या ब्रिटिश बँडच्या अँडी पार्ट्रिजचे आहेत. माणसांच्या रोजच्या बारीकसारीक फजित्या आणि विश्वातल्या अजस्र उलथापालथी त्याने शेजारी शेजारी ठेवल्यात. ती जोडणी ऐकताना अंगावर काटा येतो. शेवटाकडे रँडी मॅकस्टाइनची गिटार येते तोवर सुरांची इतकी बढत झालेली असते की ती कितीही लांबली तरी चालेल असं वाटतं. दुसरी रचना मात्र मला अर्धीच पटली. इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर विल्सनच्या पत्नी रोटेम दहाच्या पटीत वाढत जाणारी अंतरं आणि खगोलांची नावं वाचून दाखवतात. पहिल्या वेळी दबून जायला होतं, पुढे त्याचं पाठांतर होतं. अखेरीस थिओ ट्रॅव्हिसचा सॅक्सोफोन येतो आणि रचना सावरते.

तेवीस मिनिटं म्हणजे फार, असं मराठी श्रोत्याने तरी म्हणू नये. विलंबित ख्यालात दर आवर्तनाला समेची वाट बघत अर्धा तास बसणारे लोक आपण. पिंक फ्लॉइडच्या 1973 मधल्या ‘मनी’ या गाण्याच्या सात मात्रांचं पाश्चात्य श्रोत्यांना केवढं अप्रूप, रूपक तालावर वाढलेल्या कानाला त्यात बुजण्यासारखं काय आहे? आणि असं संगीत तोलायची भाषाही आपल्याकडे तयार आहे. वामनराव देशपांड्यांनी 1961 मध्ये ‘घरंदाज गायकी’त घराणी स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये मांडली: किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या, आणि दोन्हींचा तोल सांभाळणारं जयपूर मध्ये. हे माप मी या अल्बमांना लावून पाहतो आणि ते चपखल बसतं. विल्सन स्वराकडे झुकतो.

ओपेथ हा स्वीडिश बँड लयीकडचा. त्यांचा नोव्हेंबर 2024 मधला ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ हा अल्बम म्हणजे एका मृत्युपत्राचं वाचन आहे. काळ पहिल्या महायुद्धानंतरचा. श्रीमंत बाप गेलाय आणि मुलं ऐकायला बसलीत. शेवटचं सोडून गाण्यांना नावं नाहीत, नुसते परिच्छेदांचे आकडे आहेत. 2008 नंतर प्रथमच बँडचा गायक मिकाएल ओकरफेल्टने अल्बमभर गुरगुरणारा आवाज परत आणलाय, आणि जेथ्रो टल या जुन्या ब्रिटिश बँडचा इयन अँडरसन निवेदन करतो, बासरीही वाजवतो. लय इतक्यांदा वळते की कुठेच बूड टेकत नाही. शेवटच्या, एकमेव नाव असलेल्या गाण्यात ती निवते. आधीची सगळी धावाधाव सोसलेली असते, म्हणूनच ते गाणं आत उतरतं.

इथलं सगळंच आदर्श आहे असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. प्रोग्रेसिव्ह म्हणवणाऱ्या या श्रोत्यांना पुष्कळदा 1973 चाच आवाज पुन्हा हवा असतो. बंगळुरूच्या बँडचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, सतार आहे का? नसेल तर चेहरे पडतात. मायदेशी विचारतात हे आपलं आहे का, इथे विचारतात हे पुरेसं भारतीय आहे का. दोन्हीकडे वाजवणाऱ्याची मेहनत बाजूलाच राहते.

आणि याची किंमत आपण एकदा मोजली आहे. मुंबईच्या चरणजित सिंगांनी 1982 मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. पुढे ती एडो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती लागली आणि त्याने 2010 मध्ये ती पुन्हा काढली. ही चाल, हा आवाज शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या आधीचा आहे, याची चर्चा मग जगभर झाली. सिंग तेव्हा मुंबईतच राहत होते. त्या शहरात रागसंगीतावर बारकाईने लिहिणारे लोक होते, रागही ओळखीचेच होते.

आता बंगळुरूच्याच ‘अगम’चा ‘अरायव्हल ऑफ द इथीरियल’ हा अल्बम 2025 मध्ये आलाय. कर्नाटक संगीत आणि प्रोग्रेसिव्ह रॉक एकत्र बांधणारा हा बँड आहे. आधीच्या अल्बममध्ये त्यांनी त्यागराजांची नलिनकांतीतली ‘मनव्यालकिंचरा’ ही कृती घेतली होती, आणि तिथे गायक हरीश शिवरामकृष्णन यांचा आवाज गिटारच्या पुढे राहत होता. नव्या अल्बमात वाद्यवृंद भरगच्च आहे, आणि मला काही ठिकाणी तो गळ्यावर चढल्यासारखा वाटतो. हे मला चुकीचं वाटत असेल तर कुणीतरी मराठीत सविस्तर लिहून ते खोडून काढावं: आलाप कुठे मोकळा सुटतो, ड्रम कुठे गायकाची वाट बघतात आणि कुठे त्याला रेटतात. पुण्या-मुंबईत हे ऐकू शकणारे कान भरपूर आहेत, त्यांनी लिहायला हवं.