‘६ मिमी घाला, विषय संपला’ या प्रतिक्रियेला उत्तर

थारच्या स्किड प्लेटवरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्यावरच्या, माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत : “३ मिमीचा पत्रा काढा, ६ मिमीचा घाला, विषय संपला. बाकी पाल्हाळ. लेखक कधी गाडीखाली शिरलेला दिसत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं तर नावही नाही.”

चूक जरूर दाखवा. पण बारा वर्षं गॅरेजच्या पिटात (गाडीखालच्या खड्ड्यात) उभं राहून काम केलेल्या माणसाला ‘गाडीखाली शिरलेला दिसत नाही’ म्हणण्याआधी लेख पूर्ण वाचायला हवा होता.

विषय संपला कसा? ८०० बाय ७०० मिमीचा ३ मिमी स्टीलचा पत्रा सुमारे १३ किलो भरतो, ६ मिमीचा २६. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणजे आठपट. पण त्याच ३ मिमी पत्र्याला आतून २५ बाय ३ च्या तीन पट्ट्या पुढून मागे, उभ्या वेल्ड केल्या तर त्या दिशेचा ताठपणा हिशोबाने तीसपटीच्या आसपास जातो आणि वजन वाढतं फक्त सव्वा किलो. पट्ट्या आतूनच हव्यात, बाहेरून लावलेल्या दगडात अडकतात. सलग वेल्ड मारला की पत्रा पिळतो. वेल्डचा २५ मिमीचा टाका द्या, मग ७५ मिमी मोकळं, पट्टीच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून.

पट्टीच्या माथ्यापासून चेंबरपर्यंत (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यापर्यंत) २० मिमी जागा सोडा, कारण इंजिन रबरी माउंटवर हलतं. चेंबरचा तळ वर दबला की ऑइल ओढणारी जाळी बंद होते, ऑइलचा दाब घसरतो आणि इंजिनाची बेअरिंगं जातात.

आणि पत्रा वाकला नाही तर धक्का जातो कुठे? पत्रा गाडीला धरणाऱ्या ब्रॅकेटवर. तुमच्या ६ मिमीचाही, माझ्या पट्ट्यांचाही. तुम्ही ज्याला पाल्हाळ म्हणता तो भाग नेमका याचाच होता : ५ मिमीचे ब्रॅकेट, तेही क्रॉस मेंबरला (चॅसीच्या आडव्या दांड्याला) बोल्टने, चॅसीला वेल्ड करून नाही, ८.८ ग्रेडचे (ताकदीची श्रेणी) एम १०, म्हणजे १० मिमीचे बोल्ट, ४५ न्यूटन मीटरला आवळलेले. बोल्टचं डोकं घासून जाऊ नये म्हणून भोवती जाड रिंग. मागची भोकं लांबट, कारण खडकावर चॅसी पिळते.

एक मान्य. पट्ट्यांच्या मधे काळ्या कातळाची धार ३ मिमीला पोचा पाडते. समोरच्या वर वळवलेल्या नाकाला ४ मिमी हवा होता, ते मी लिहायला हवं होतं.

अ‍ॅल्युमिनियमचं म्हणाल, तर लेखाच्या शीर्षकातच ‘स्टील’ आहे.