खुलासा: केनेडी सिनेटला वगळून आरोग्यमंत्री झालेले नाहीत

‘अमेरिकेचे अध्यक्ष आरोग्य खात्यात हवा तो माणूस परस्पर बसवतात, रॉबर्ट केनेडी ज्युनिअरही तसेच मंत्री झाले’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

नाव अध्यक्ष सुचवतात, पण मंत्रिपदाला सिनेटची, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, संमती लागते. केनेडींची आधी समित्यांपुढे सुनावणी झाली आणि १३ फेब्रुवारी २०२५ रोजी ५२ विरुद्ध ४८ मतांनी नेमणूक मंजूर झाली. अध्यक्षांच्याच रिपब्लिकन पक्षातून विरोधी मत एकट्या सिनेटर मिच मॅककॉनेल यांचे. केनेडी लसींवर शंका घेत आले आहेत, म्हणून लहानपणी पोलिओ झालेल्या माणसाचे हे मत मला फार मोलाचे वाटते.

गोंधळ होण्याचे कारण आहे. सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेचा संचालक पूर्वी खरोखरच सिनेटला न विचारता नेमला जाई. २०२२च्या अखेरीस झालेल्या कायद्याने जानेवारी २०२५पासून तिथेही संमती सक्तीची झाली. सुझन मोनारेझ या त्या वाटेने आलेल्या पहिल्या संचालक. मंत्र्यांचे सल्लागार आणि इतर अनेक राजकीय नेमणुकांना मात्र आजही संमती लागत नाही.

आणि पदावरून काढायला सिनेट लागत नाही. मोनारेझ यांना महिन्याभरातच दूर केले गेले. चिंता करायची तर याची करा.