अनुनाकी, निबिरू आणि सोन्याच्या खाणी: मामांच्या फॉरवर्डला उत्तर

'हे तुम्हाला शाळेत कधीच शिकवणार नाहीत' या मथळ्याचं एक फॉरवर्ड दर दोन-तीन महिन्यांनी फिरून माझ्याकडे येतं. या खेपेस ते आमच्या मामांनी पाठवलं, खाली 'वाच आणि सांग' असं लिहून. मामा, वाचलं. आता सांगतो.

ज्यांच्याकडे ते अजून पोचलेलं नाही त्यांच्यासाठी सार असं: प्राचीन सुमेरचे (म्हणजे आजच्या दक्षिण इराकचे) अनुनाकी हे देव नव्हते, निबिरू नावाच्या ग्रहावरून आलेले प्रवासी होते. हा ग्रह 3600 वर्षांनी एकदा सूर्याजवळ येतो. सोनं खणायला मजूर हवेत म्हणून त्यांनी माणूस घडवला. गिल्गमेश राजा त्यांच्याच संकरातला; त्याचा देह 2003 मध्ये इराकात सापडला आणि अमेरिकेने पळवला. ग्रीकांचे आणि अरबांचे देव म्हणजे हीच मंडळी, फक्त नावं बदलून, आणि तिन्हीकडचे वीर देवांच्या पोटचे. यातला बराचसा माल झेकारिया सिचिन यांच्या 1976 च्या पुस्तकातला आहे. देह पळवल्याचं शेपूट मागाहून चिकटलं.

नावापासून सुरू करू. 'अनुनाकी म्हणजे आकाशातून पृथ्वीवर आलेले' असं ठोकून दिलंय. सुमेरी भाषेत मूळ शब्द अनुन्ना. 'अ' म्हणजे पाणी किंवा बीज, 'नुन' म्हणजे थोर, राजस. म्हणजे थोर कुळातली संतती, राजबीज. शेवटच्या 'की'ला पृथ्वी समजून सगळा इमला उभा राहिलाय, पण जुन्या पाठात तिथे 'केने' आहे, आणि तो षष्ठीचा नि अनेकवचनाचा प्रत्यय आहे. 'मामाचे' या शब्दातला 'चे' सुटा करून क्युबातला क्रांतिकारक मामांकडे राहायला होता म्हणण्यातला हा प्रकार. बरं, आकाशातून आले म्हणावं तर देवी इनान्ना पाताळात उतरते त्या कथेत अनुन्ना भेटतात ते खाली, सात न्यायाधीश म्हणून. पुढे त्याच मुलखात बाबिलोनचं राज्य आलं, त्या काळात तर वरच्या देवांना इगिगी आणि पाताळातल्यांना अनुनाकी म्हणायची रीतच पडली.

निबिरू. बाबिलोनच्या अक्कडी भाषेत हा शब्द 'नेबेरू', अर्थ ओलांडायची जागा: नदीचा उतार, तरीचा धक्का. बाबिलोनच्या सृष्टिकथेत मार्दुक देवाला पन्नास नावं मिळतात, त्यातलं हे एक. ज्योतिषाच्या मातीच्या पाट्यांमध्ये ते मार्दुकच्या ताऱ्याचं नाव आहे, आणि हा तारा म्हणजे बहुतेक ठिकाणी गुरू ग्रह, क्वचित बुध. मामा, तुमचा निबिरू म्हणजे आपला गुरू. त्याची एक फेरी साधारण 12 वर्षांची, म्हणून तर नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. मग 3600 आलं कुठून? सुमेरी गणित साठावर चालायचं. साठ गुणिले साठ म्हणजे एक 'शार', आपल्या 'लाख'सारखी मोठी गोल संख्या. त्यांच्या राजावळीत एरिदू या शहराच्या पहिल्या राजाची कारकीर्द 28,800 वर्षांची लिहिलीय, म्हणजे नेमके आठ शार. त्यावरून कुठल्या ग्रहाची कक्षा निघत नाही.

फॉरवर्डसोबत फिरणारा फोटो बर्लिनच्या संग्रहालयातल्या 'व्हीए 243' या मुद्रेचा, म्हणजे कोरीव शिक्क्याचा, आहे. मधे तारा, भोवती ठिपके. हीच म्हणे बारा गोलांची सूर्यमाला. मुद्रेवर मजकूरही आहे, तो मात्र कुणी पाठवत नाही. त्यात दुब्सिगा आणि इली-इल्लत अशी दोन माणसांची नावं आणि 'सेवक' हा शब्द, बस्स. ग्रहाचा उल्लेखच नाही. बाबिलोनचे आकाशनिरीक्षक इतके चोख की त्यांच्या नोंदी आजही वापरल्या जातात, पण ग्रह त्यांनी पाचच मोजले, नुसत्या डोळ्यांना दिसणारे.

आता सोनं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मूळ गोष्ट फॉरवर्डपेक्षा कितीतरी रंगतदार आहे. ती 'अत्राहासिस' नावाच्या बाबिलोनी काव्यात येते, इ.स.पू. 17 व्या शतकातल्या मातीच्या पाट्यांवर. माणूस अजून झालेलाच नाही, त्यामुळे कष्ट देवांच्याच माथी. सात थोरले अनुनाकी हुकूम सोडणार, धाकटे इगिगी राबणार. काम कसलं? खोदाईचं आणि गाळ उपसायचं. टिग्रिस आणि युफ्रेटिस त्यांनीच खणल्या. वर्षानुवर्षं हे चालतं आणि एका रात्री त्यांचा बांध फुटतो. ते फावडी आणि टोपल्या पेटवून देतात आणि त्यांचा मालक एन्लिल देव, त्याच्या वाड्याला घेराव घालतात. एन्लिल झोपलेला. द्वारपाल कल्कलला चाहूल लागते, तो वजीर नुस्कूला उठवतो, नुस्कू मालकाला. मग नुस्कू बाहेर जाऊन विचारतो, तुमचा म्होरक्या कोण? उत्तर येतं: आम्ही सगळेच.

यावर तोडगा म्हणून एका देवाला मारून त्याचं रक्तमांस मातीत कालवतात, इगिगी त्या मातीवर थुंकतात, आणि टोपली उचलायला माणूस तयार होतो. या सगळ्यात सोन्याची खाण कुठेच नाही, आणि असणार तरी कशी? दक्षिण इराकच्या गाळमातीत सोनं नाहीच, ते बाहेरून यायचं. तिथल्या माणसाला रोज छळायचा तो कालव्यात साचणारा गाळ. म्हणून त्याच्या देवांचा संपही गाळावरून झाला. ज्याने ही गोष्ट रचली त्याने टोपली एकदा तरी डोक्यावर घेतली असणार, असं मला उगाच वाटतं.

गिल्गमेशला त्याच्या महाकाव्यात 'दोन तृतीयांश देव, एक तृतीयांश माणूस' म्हटलंय. आई निन्सून देवी, बाप लुगलबंदा राजा. फॉरवर्डवाले यात जनुकं शोधतात. पण आईबाप दोनच असतील तर दोन तृतीयांश हा आकडा कुठल्याच आनुवंशिक हिशेबात बसत नाही. साठाच्या गणितात मात्र तो सरळ चाळीस.

देहाची बातमी निदान एका खऱ्या बातमीवर उभी आहे. एप्रिल 2003 मध्ये बीबीसीने छापलं की जर्मन संशोधकांना वारका, म्हणजे गिल्गमेशचं जुनं शहर उरुक, इथे नदीच्या जुन्या पात्रात थडग्यासारखी एक रचना दिसली. गिल्गमेशच्या मृत्यूच्या सुमेरी काव्यात युफ्रेटिस वळवून तिच्या तळाशी त्याला पुरल्याचं वर्णन आहे, ते याच्याशी जुळतं, इतकंच. हे 'दिसणं'सुद्धा चुंबकीय मोजणीतलं: पुरलेल्या कच्च्या विटा आणि भोवतीचा गाळ यांच्या चुंबकत्वात फरक पडतो आणि त्यावरून नकाशा निघतो. या मोजणीत खोदकाम नसतं. ठामपणे सांगता येणार नाही, असं संशोधक त्याच बातमीत म्हणाले होते. जो देह कुणी बाहेरच काढला नाही, तो पळवला कसा?

बाकी महाकाव्यातला गिल्गमेश अमर होतच नाही. मित्र एन्किदू गेल्यावर तो सहा दिवस सात रात्री प्रेत पुरू देत नाही, त्याच्या नाकातून किडा गळून पडेपर्यंत. 'संकरित अतिमानव' या शब्दाने त्या किड्याचं काय करायचं?

शेवटचा मुद्दा, नावं बदललेली तीच मंडळी. यातला अर्धा भाग मी आनंदाने मान्य करतो: गोष्टी खरंच प्रवास करत होत्या. गिल्गमेश इश्तार देवीला झिडकारतो तेव्हा ती तणतणत आकाशात बापाकडे, आकाशदेव अनूकडे जाते; आई अंतू तिथेच असते. होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याच्या पाचव्या सर्गात डायोमीडीस या योद्ध्याने हाताला जखम केलेली प्रेमदेवी अ‍ॅफ्रोडाइटी रडत आकाशात जाते ती आई डायोनीच्या मांडीवर, आणि बाप झ्यूस तिची समजूत घालतो. अनूची अंतू, तशी झ्यूसची डायोनी; नवऱ्याच्याच नावाचं स्त्रीरूप. अत्राहासिसच्या आरंभी तीन देव चिठ्ठ्या टाकून जग वाटून घेतात, आणि इलियडच्या पंधराव्या सर्गात समुद्रदेव पोसायडनही तशाच वाटणीची आठवण देतो. आजच्या तुर्कस्तानातले हित्ती लोक, त्यांची राजधानी हत्तुसा, तिथल्या पाट्यांवर हुर्री लोकांचा देव कुमार्बी अनूचं लिंग चावून तोडतो. ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात झ्यूसचा बाप क्रोनोस स्वतःच्या बापाचं लिंग विळ्याने कापतो. हुर्री, हित्ती, मग ग्रीक, असा रस्ता समोर आहे. तो लेखनिकांचा आणि व्यापाऱ्यांचा आहे, त्यासाठी यान लागत नाही.

गोष्ट उसनी आली म्हणून देव तोच ठरत नाही. झ्यूस हे नाव अनूवरून आलेलं नाही. ते आपल्या ऋग्वेदातल्या 'द्यौस्'चं भावंड. आणि अरबांचं घ्या. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की अरबांची अलिलात म्हणजे आकाशवासिनी अ‍ॅफ्रोडाइटी. सीरियातल्या पाल्मीराच्या लोकांनी मात्र तीच अल-लात ग्रीकांची युद्धदेवी अथीना मानली. तिच्या देवळाजवळचा हरणाला पंजांमध्ये जपणारा प्रचंड दगडी सिंह 2015 मध्ये आयसिसने फोडला. दोन वर्षांनी तो जोडून दमास्कसच्या संग्रहालयापुढे उभा केला. मूळ व्यक्ती एकच असती तर ती प्रेमाची देवी की युद्धाची, हे तरी ठरलं असतं. परक्या देवाला आपल्या शब्दांत सांगायची ही त्या काळातली सोय होती, दुसरं काही नाही.

आणि 'तिन्हीकडचे वीर देवांच्या पोटचे' हे तर अरबांना अजिबात लागू नाही. त्यांचा सर्वात लाडका वीर अंतरा, सहाव्या शतकातला कवी-योद्धा. (नावावरून कुणी अंतराळाशी नातं जोडू नये. जोडतीलच.) आई झबीबा हबशी गुलाम, म्हणून बाप शद्दाद त्याला मुलगा म्हणायलाही तयार नाही. एकदा टोळीवर धाड येते, उंट हाकले जातात, आणि बाप ओरडतो, अंतरा, चालून जा! अंतरा जागचा हलत नाही. म्हणतो, गुलामाला लढाई कुठली येते, त्याला येतं उंटिणीचं दूध काढणं आणि तिचे सड बांधणं.

बाप म्हणतो, जा, तू मोकळा झालास.

मग तो जातो.